शेगडीपुरतं पातेलं

सोमनाथरावांनी हौसेने घेतलेली कॅम्पिंगची शेगडी तळहातावर मावत होती, आणि सगळा घोळ तिथेच होता. तिच्यावर धड बसेल असं एकही भांडं घरात सापडेना.

शनिवारी ऑफिसची मंडळी गंगापूर धरणाच्या काठी तंबू ठोकून राहणार होती. नवे साहेबही येणार होते. त्यांच्यादेखत सोमनाथरावांनी छाती फुगवून जाहीर केलं होतं, "चहा माझ्याकडे लागला!" त्यावर शेजारच्या टेबलावरचा राकेश म्हणाला होता, "भाऊ, मी जवळपास टपरी बघून ठेवतो." मागच्या सहलीत सोमनाथरावांनी पोतंभर कोळसा नेला होता आणि काडेपेटी घरी विसरले होते. तेव्हापासून ऑफिस त्यांना 'थंडा सोमनाथ' म्हणायचं. हे नाव पुसायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी ओट्यावर भांड्यांची परीक्षा सुरू झाली. कढई ठेवली तर ती गोल फिरायला लागली. मोठं पातेलं ठेवलं तर शेगडी दिसेनाशी झाली. दांड्याचं भांडं दांड्याच्या बाजूला कलंडलं.

"कुकर न्या," त्यांची बायको उज्वला म्हणाली. "चहा नाही जमला तर साहेबांना शिट्ट्या तरी ऐकवा."

"मस्करी सोड. आपलं ते जाड बुडाचं छोटं पातेलं होतं ना?"

"होतं खरं. कुठे गेलंय देव जाणे. गौरीपासून दिसलं नाही," म्हणत ती भाजी आणायला गेली.

सोमनाथराव स्टुलावर चढले. माळ्यावर, जुन्या डब्यांच्या मागे, त्यांना एक दुसरंच छोटं, सपाट बुडाचं पातेलं मिळालं. शेगडीवर ते अगदी मापात बसलं. त्यांनी लगेच गॅलरीत चहा उकळला, फोटो काढला आणि 'उद्याची तयारी' असं लिहून स्टेटसला टाकला. शेगडीची ज्योत एकाच जागी लागत होती आणि पातेलं होतं पातळ. त्यामुळे मधोमध दूध करपून काळा डाग पडला होता. पण आनंदाच्या भरात तो त्यांना दिसलाच नाही.

उज्वलाला मात्र दारातूनच दिसला.

"अहो, हे काय केलंत? हे लताताईंचं पातेलं!"

लताबाई समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या. गौरीच्या दिवशी त्यांनी या पातेल्यातून खरवस पाठवला होता.

"मग इतके महिने परत का नाही दिलंस?"

"रिकामं कसं देणार? खरवस आलेल्या भांड्यात काय दोन केळी ठेवू? म्हटलं, गुलाबजाम करू, तर दिवाळी आली. आता एवढ्या उशिरा द्यायचं म्हणजे त्याहून भारी काहीतरी करायला हवं. जिन्यात भेटल्या की त्या तोंड फिरवतात, ते उगाच नाही!"

सोमनाथरावांनी घाबरत मोबाइल उघडला. स्टेटस बघणाऱ्यांत लताबाईंचं नाव सगळ्यात वर होतं.

मग घासणं सुरू झालं. लिंबू झालं, मीठ झालं, तारेची घासणी झाली, डाग हलेना. शेवटी उज्वलाने साजूक तुपातला, काजू घातलेला शिरा केला, त्याखाली डाग गाडला आणि दोघं समोरची बेल वाजवून खाली मान घालून उभे राहिले.

दार उघडताच लताबाईंचाच चेहरा पडला.

"स्टेटस बघितलं भाऊ," त्या म्हणाल्या. "लय लाज वाटली. तुमचं भगुनं आम्ही ठेवून घेतलं, म्हणून आमचं दाखवून टोमणा मारला ना?" त्या नांदगावच्या. पातेल्याला भगुनंच म्हणायच्या.

"आमचं? कुठलं आमचं?" उज्वलाने विचारलं.

लताबाई शिरा आत ठेवायला गेल्या आणि जाड बुडाचं छोटं पातेलं घेऊन आल्या. "खरवस दिला त्याच दिवशी, सणाला आलेल्या तुमच्या सासूबाईंनी यात खीर आणून दिली होती. तेव्हाच द्यायला पाहिजे होतं. पण रिकामं कसं द्यायचं? तुम्ही दिसल्या की मी आपली तोंड चुकवायचे."

सोमनाथरावांनी दोन्ही हात पुढे केले. "द्या, द्या! सकाळी सहलीची गाडी आहे, रिकामंच चालेल!"

दोन्ही बायकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हात आपोआप मागे गेले.

"काहीतरीच काय भाऊ! तुमची गाडी निघायच्या आत भरून देते," लताबाई म्हणाल्या.

आणि खरंच, सकाळी गाडीचा हॉर्न वाजत असताना त्या रव्याच्या लाडवांनी गच्च भरलेलं पातेलं घेऊन धावत जिना उतरल्या.

धरणाच्या काठावर सोमनाथरावांनी लाडू पेपरवर काढले आणि पातेलं शेगडीवर चढवलं. दूध लागलं नाही, पातेलं कलंडलं नाही. थोडा थोडा करत सगळ्यांना चहा झाला. साहेबांनी दुसऱ्यांदा कप पुढे केला. राकेशनेही मुकाट्याने केला. सोमनाथरावांना तर भरूनच आलं.

साहेबांना लाडू फार आवडले. निघताना उरलेले लाडू धुतलेल्या पातेल्यात भरून घेत ते म्हणाले, "घरी मिसेसना देतो. पातेलं सोमवारी आणतो हं."

सोमवारी साहेब दिसले नाहीत. मंगळवारी समोरून येता येता एकदम वळले आणि भलत्याच केबिनमध्ये शिरले. पुढच्या आठवड्यात तर लिफ्टचं दार त्यांनी सोमनाथरावांच्या तोंडावर बंद केलं.

"भाऊ, चहात काय घातलं होतं?" राकेशने विचारलं. "साहेब तुम्हाला बघून जिन्याने पळतात."

सोमनाथरावांची झोप उडाली. शेवटी न राहवून त्यांनी सगळं उज्वलाला सांगितलं. "कुठे चुकलो गं मी?"

तिने कणीक मळता मळता वरही पाहिलं नाही.

"तुम्ही कशाला चुकताय? रिकामं कसं देणार बिचारे?"