सोसायटीच्या वेबसाइटचं कुलूप

धोक्याचा इशारा हा माणसाच्या हितासाठीच दिलेला असतो, आणि नेमका त्यामुळेच तो कामाच्या आड येतो. हे सत्य आगरदांड्याजवळच्या एका मच्छीमार सोसायटीला फार लवकर उमगलं. तिचे सेक्रेटरी नजमुद्दीन यांच्या तर ते अंगवळणीच पडलं.

झालं असं, की सोसायटीच्या वेबसाइटला कुलूप लागलं. पत्त्याच्या शेजारी दिसतं ना, ते सुरक्षिततेचं इवलंसं कुलूप. चेअरमन दिनानाथ यांनी कॉम्प्युटरसमोर नारळ फोडला (कीबोर्ड नंतर बदलावा लागला). पण पानाच्या मधोमध वाऱ्याचा वेग दाखवणारी चौकट होती, ती अजून जुन्या, बिनकुलपाच्या पत्त्यावरूनच येत होती. ब्राउझरला ही सरमिसळ खपेना. त्याने चौकट अडवली आणि कळवलं : 'या पानाचा काही भाग सुरक्षित नाही.'

उपाय साधा होता. चौकटीचा पत्ता बदलायचा. पण वेबसाइट बनवणारा पोरगा कतारला नोकरीला गेलेला, आणि कमिटीचा त्याच्याशी अबोला (कारण कमिटीला आठवत नाही). तेव्हा दुसरा उपाय ठरला : 'संरक्षण तात्पुरतं बंद करा' हे बटण रोज सकाळी दाबायचं. तात्पुरतं म्हणजे रोज, असा खुलासा दिनानाथ यांनी केला.

सोसायटीची रीत अशी, की सेक्रेटरीने वारा बघून भोंग्यावरून 'हवा बघितली' असं पुकारल्याशिवाय कुठल्याच होडीला डिझेल मिळत नाही. नजमुद्दीन आधी इशारा नीट वाचत, मग विचारात पडत, मग बटण दाबत. तोवर होड्या हाकणारी तांडेल मंडळी कॅन घेऊन रांगेत शिव्या घालत. शेवटी कमिटीने एकमताने ठराव केला : इशारा वाचू नये, हटवावा. नजमुद्दीन यांना हायसं वाटलं. माणूस मुळात भित्रा. वाचलं की त्यांना काळजी लागायची.

पुढे त्यांचा हात इतका बसला, की इशाऱ्याची चौकट पुरती उमटायच्या आत बोट बटणावर. 'चालेल', 'मान्य', 'पुढे जा', जे येईल ते. हळूहळू इशारा हटवल्यावर खालचा वारा बघायचंही राहून जाऊ लागलं. पुकारा मात्र वेळेवर होई आणि डिझेलची रांग झटपट सरे. वार्षिक अहवालात सोसायटीला सुरक्षिततेचे शंभर टक्के गुण मिळाले (तपासणी सोसायटीनेच केली होती).

मग एका सकाळी पानावर लाल चौकट आली : 'वादळी वारे येणार. समुद्रात जाऊ नये.' खाली बटण होतं, 'समजलं'. नजमुद्दीन यांनी ते दाबलं आणि भोंग्यावरून पुकारलं. होड्या गेल्या. एकीवर त्यांचा मुलगा कैसही गेला.

दुपारी अंगणात वाळत घातलेला जवळा उडायला लागला, तशी त्यांची बायको झुबेदा धावत सोसायटीत आली.

"आज हवा कशी हाय?"

"बघितली."

"बघितली व्हय, पन हाय कशी?"

नजमुद्दीन यांनी वळून स्क्रीनकडे बघितलं. पान स्वच्छ होतं, कुलूप जागच्या जागी होतं.

संध्याकाळी होड्या परतल्या. कैसची आली ती दुसरीला बांधून, जाळी समुद्रात सोडून, आणि कैसचा उजवा हात कोपरात मोडलेला. तो पुन्हा जाळं ओढू शकेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. झुबेदा नवऱ्याशी बोलत नाही.

कमिटीने रीतसर चौकशी केली. इशारा वेळेवर आला होता, 'समजलं' अशी त्याची पोचही वेळेवर गेली होती. म्हणजे दोष कुणाचाच नाही. तरी खबरदारी म्हणून यापुढे 'समजलं' हे बटण दोघांनी मिळून दाबावं, असं ठरलं.

आता तुम्ही नजमुद्दीनना नावं ठेवाल. खुशाल ठेवा. फक्त आज सकाळी तुमच्या फोनवर जी चौकट आली होती, तीत काय लिहिलं होतं तेवढं सांगा. 'मान्य' तर तुम्हीच दाबलंय.