झोपलेली गाजरं

जयपाल मगदूमांनी काकडीची चौदावी चकती कापली, तिची जाडी अंगठ्यानं चाचपली आणि ताटात बाकीच्या तेरांशेजारी ठेवली. चौदाच्या चौदा सारख्या होत्या. उद्यमनगरात सव्वीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला वेगळं काही जमलंही नसतं.

सात वर्षांच्या प्रियदर्शनीनं एक चकती बोटानं उलटली. मग म्हणाली, "पप्पा, हे नटाखालचे वायसर हायत."

"काकडी हाय ती."

"आई काकडीची होडी करायची. होडीत जिरं बसायचं."

जयपालना होडी करता येत नव्हती, आणि त्या जिऱ्याला जायचं तरी कुठं होतं, हेही ठाऊक नव्हतं. त्यांची बायको त्रिशला जाऊन आठ महिने झाले होते. तिच्या स्वयंपाकघरात प्रत्येक भाजीला घर होतं, पाव्हणे होते, भांडणं होती. दोडका जोतिबाच्या वाटेवर दम खात बसलेला असे. कारल्याचं कुणाशी पटत नसे. ऐकता ऐकता पोरीचं ताट कधी रिकामं व्हायचं ते तिलाच कळत नसे. जयपाल तेव्हा समोरच बसलेले असत, पेपर वाचत. तेव्हा कान दिला असता तर आज उपयोगी पडलं असतं, असं त्यांना रोज दोन वेळा वाटे, ताट वाढताना आणि उष्टं काढताना.

त्यांची धाकटी मेहुणी पद्मल पेठ वडगावहून दर रविवारी यायची आणि आल्या आल्या भाचीचं मनगट दोन बोटांत धरून किती वाळलंय ते बघायची. गेल्या रविवारी ती उठता उठता म्हणाली, "दाजी, शनिवारी मी शाळेच्या कार्यक्रमाला येते. पोरीनं माझ्या म्होरं एक ताट पुरं संपवलं तर मी गप घरी जाईन. न्हाईतर दिवाळीपतोर तिला आमच्याकडं नेते. राग मानू नका."

जयपालना राग आला नाही. ती बरोबर बोलत होती, आणि हीच मोठी पंचाईत होती.

त्या आठवड्यात शाळेत पोषण सप्ताह होता. जुलेखा मॅडमनी दुसरीच्या वर्गात रंगांचा तक्ता लावला होता. हिरवं रक्ताला, पांढरं हाडाला, नारिंगी डोळ्यांना. रोज एक रंग खायचा आणि वहीत त्या रंगाचा ठिपका काढायचा. गुरुवार नारिंगीचा होता, म्हणजे गाजराचा. मॅडमना मगदूमांच्या जैन घरची रीत माहीत होती. जमिनीखालचं काही त्या घरात शिजत नाही. म्हणून प्रियदर्शनीसाठी त्यांनी आठवणीनं पपईच्या फोडी आणल्या होत्या.

बाकावर शेजारी बसलेल्या अरीबानं साधा प्रश्न विचारला, की तू गाजर का खात नाहीस? प्रियदर्शनीनंही घरात ऐकलेलं साधं उत्तर दिलं. गाजर मातीच्या पांघरुणात झोपलेलं असतं. झोपलेल्याला उठवायचं नसतं.

अरीबानं हातातलं गाजर हळूच ताटलीत परत ठेवलं. मागच्या बाकावर निरोप गेला, तिथून खिडकीपाशी गेला. मॅडम फळा पुसून वळल्या तर अडतीस पोरं चिडीचूप. ताटल्यांतली गाजरं एका ओळीत निजवलेली, त्यांच्यावर हातरुमाल पांघरलेले. खिडकीतून सकाळचं ऊन त्या रुमालांवर पडलं होतं आणि एक मुलगी तोंडावर बोट ठेवून मॅडमना हळू चालायला सांगत होती. बारा वर्षांच्या नोकरीत वर्ग इतका शांत त्यांनी पहिल्यांदाच बघितला. दोन मिनिटं त्यांनीही ती शांतता मोडली नाही.

ती दोन मिनिटं महागात पडली. शुक्रवारपर्यंत बटाटा झोपला, कांदा झोपला, मुळा झोपला. शेंगदाणा तर मगदूमांच्या घरातही खात, पण तोही जमिनीतच असतो म्हणून वर्गानं स्वतःच्या अकलेनं झोपवला. घराघरांत पोरं ताटावरून उठू लागली. वर्गातल्या राजवीरचे आजोबा गणपतराव, तालमीतले जुने पैलवान, शोध घेत घेत थेट जयपालच्या वर्कशॉपवर आले आणि लेथ बंद होईपर्यंत दारात उभे राहिले.

"पावणं, तुमची पोरगी काय सांगत फिरतीया? आमचा नातू मिसळीतला बटाटा खाईना. कांदा नको, दाणा नको. मग उरलं काय? नुसता कट पाजून शाळंला धाडू व्हय त्येला?"

जयपालनी माफी मागितली, चहा मागवला. चहा संपेपर्यंत आजोबांचा आवाज उतरला. जाताना त्यांनी हळूच विचारलं, की लसूण पण झोपलेलाच असतो का. काल रात्री त्यांना स्वतःलाच सोलताना कसंतरी झालं होतं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. उद्या समारोपाला सगळे पालक येणार आहेत, तेव्हा तुम्हीच मुलांना समजावून सांगा, ही नुसती गोष्ट आहे म्हणून. जयपाल बरं म्हणाले आणि फोन हातात धरून तसेच बसले. नुसती गोष्ट म्हटलं, तर पोरीसमोर तिची आई खोटी पडणार होती. नाही म्हटलं, तर अडतीस घरांत ताटं भरलेली राहणार होती. आणि पद्मल पहिल्या रांगेत बसून सगळं बघणार होती.

शनिवारी ती आली. हातात रिकामी पिशवी होती, पोरीचे कपडे भरण्याएवढी.

जयपाल वर्गासमोर उभे राहिले. टेबलावर परातभर गाजरं होती, आताच धुतलेली, पाणी निथळत असलेली. आयुष्यात चार माणसांसमोर ते कधी बोलले नव्हते. भिंतीवरचा रंगांचा तक्ता पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. त्यांनी परातीतलं एक गाजर उचललं, लेथवरचा जॉब बघावा तसं फिरवून बघितलं आणि पोरांना विचारलं,

"सकाळी आंघोळ झाल्यावर तुमच्यातलं कोण झोपून ऱ्हातंय?"

कुणी हात वर केला नाही.

"मग हे काय झालंय?"

अरीबा पुढं आली. तिनं गाजराला बोट लावलं. "ओलं हाय."

"शेतात होतं तवर झोपलंतं. ते खरंच हाय. आता उठलंय, आंघोळ करून तुमच्याकडं आलंय. पाव्हण्याला तसंच बसवून ठेवायचं?"

वर्गानं विचार केला. राजवीरनं शंका काढली, की कांद्याला कोण आंघोळ घालतं? जयपाल म्हणाले, कांद्याच्या एकावर एक चादरी ओढून काढतात, एवढं झाल्यावर कोण झोपेल? हे राजवीरला पटलं, कारण घरात त्याला असंच उठवत. मग प्रियदर्शनी का खात नाही, असं मागून कुणीतरी विचारलं.

"काही घरांत रविवारी उठवतात, काही घरांत झोपू देतात. आमचं झोपू देणारं घर हाय."

पहिला कडकन आवाज अरीबाच्या दातांखाली झाला. मग खिडकीपाशी, मग सगळीकडं. गणपतराव मागं उभे होते, त्यांनीही एक गाजर मागून घेतलं. पद्मलच्या मांडीवरची पिशवी मात्र तशीच होती.

घरी आल्यावर दिवस मावळायच्या आत जयपालनी भाकरी, दोडक्याची भाजी, वरण, काकडी आणि वाटीभर ताक वाढलं. पोरीनं काकडी उलटीपालटी केली. शेवटी जयपाल म्हणाले, "प्रियू, आईची ती झोपायची गोष्ट पुढं कशी हाय? मला शिकव की."

"ती आईची न्हाई," प्रियदर्शनी म्हणाली. "आई म्हणायची, ती तुमची हाय. ही एकच गोष्ट पप्पांची."

जयपालना आधी कळेना. मग आठवलं. तीन वर्षांपूर्वीची दुपार, रात्रपाळी करून आलेले, चादर डोक्यावरून घेतलेली. आपण बटाटा का खात नाही म्हणून पोरगी पाय ओढत होती. ते चादरीच्या आतूनच म्हणाले होते, 'ती सगळी झोपल्यात. मलाबी झोपू दे.' स्वयंपाकघरातून त्रिशलाचं हसू ऐकू आलं होतं. पुढचं ऐकायच्या आत डोळा लागला होता.

आताही त्यांनी भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. दोन रात्री झोप नव्हती. खिडकीतून मावळतीचं ऊन पापण्यांवर आलं. सगळं नारिंगी झालं.

पद्मल म्हणाली, "दाजी, अहो..."

"मावशी, हळू," पोरीचा आवाज आला. "झोपलेल्याला उठवायचं न्हाई."

अंगावर काहीतरी हलकं पडलं. त्रिशलाचा पदर म्हणावा तर तिच्या साड्या कपाटात होत्या. बोटांना ओलसर शिवण लागली, पोरीचा हातरुमाल होता तो. मग कुजबुज सुरू झाली. दोडका जोतिबाच्या पायऱ्या चढत होता, वाटेत त्याला चौदा वायसर भेटले. भाकरी मोडल्याचा आवाज. काकडीचा कडकन आवाज. थोड्या वेळानं ताटावर बोट फिरवल्याचा आवाज, वरण चाटून पुसून घेतल्याचा.

पद्मलनं रिकाम्या पिशवीची घडी घातली, ती सळसळही जयपालना नीट ऐकू आली. ते टक्क जागे होते. पण ताकाची वाटी अजून संपायची होती, म्हणून त्यांनी डोळे काही उघडले नाहीत.