डेन्मार्क खाली, नॉर्वे वर

समोरच्या वैजनाथरावांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला, तेव्हा 'मला शुगर आहे' म्हणून मार्तंडरावांनी हात जोडले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. (शुगर त्यांना खरोखरच होती.) पण शेजाऱ्याला वाईट वाटायला नको म्हणून त्यांनी एक पेढा उचलला, तोंडात टाकला आणि मग विचारलं, की हे कशाबद्दल.

"आमच्या पोरीला, निकिताला, स्वीडनमदी ॲडमिशन भेटली," वैजनाथराव म्हणाले. "एमबीएवानी काय तरी हाय. पार वर हाय म्हनत्यात त्यो देश."

मार्तंडरावांनी पेढा तसाच गिळला. वैजनाथराव मूळचे खर्ड्याचे, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून रिटायर झालेले. केडगावात त्यांनी मार्तंडरावांच्या अगदी समोर बंगला बांधला, आणि तोही एक मजला जास्त. (तो जास्तीचा मजला मार्तंडराव गेली सहा वर्षं रोज सकाळी दात घासताना बघत होते.) आता त्या मजल्यावर स्वीडन येऊन बसलं. मार्तंडराव जळले. दुसरा शब्दच नाही त्याला. त्यांच्या बायकोनं, यामिनीबाईंनी, नुसता चेहरा बघून ॲसिडिटीची गोळी आणून दिली.

वास्तविक त्यांच्या घरातही आनंदच होता. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, भार्गवीला, एक सोडून दोन बिझनेस स्कूलनी घेतलं होतं, एक डेन्मार्कचं आणि एक नॉर्वेचं. भार्गवीचं केव्हाच ठरलं होतं, डेन्मार्क. देवळाली प्रवराकडच्या एका दूधसंघात तिनं दोन वर्षं नोकरी केली होती, आणि सहकारी दूधसंघ चालवायचा कसा यावर तिकडे अख्खा कोर्स होता. तिला नेमकं तेच शिकायचं होतं. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा, सोबत वडिलांच्या सहीचं हमीपत्र जोडायचं, एवढंच राहिलं होतं.

"आधी नकाशा आण," कागद घेऊन आलेल्या भार्गवीला मार्तंडराव म्हणाले.

आता मार्तंडराव म्हणजे एका हायस्कूलचे हेडक्लार्क. एकतीस वर्षं त्यांनी शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी सांभाळली होती. यादीत वर तो सीनियर, खाली तो ज्युनियर. या एका नियमावर त्यांनी भल्याभल्या मास्तरांना गप्प बसवलं होतं. त्यांनी नकाशा भिंतीला लावला, पट्टी घेतली आणि मोजायला सुरुवात केली. डेन्मार्क निघालं सगळ्यात खाली. स्वीडन त्याच्या वर. आणि नॉर्वेचं टोक स्वीडनच्याही वर दीड बोट. मार्तंडरावांना चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

भार्गवीनं समजावून पाहिलं. कोर्स बघा, शिकवणारे बघा, पुढे नोकरी कुठली लागेल ते बघा, नॉर्वेच्या कोर्सात दुधाचा विषयच नाही, असं सगळं सांगून झालं. मार्तंडराव पट्टी सोडायला तयार होईनात. वैजनाथांची निकिता वर आणि आपली पोरगी खाली, हे त्यांच्या हयातीत होणार नव्हतं. सही करीन तर नॉर्वेवर, म्हणाले. आणि पोरीनं पुन्हा डेन्मार्कचं नाव काढू नये म्हणून बुधवारी चौकात नॉर्वेच्या अभिनंदनाचा फ्लेक्सही लावून मोकळे झाले. त्यावर भार्गवीचा फोटो पासपोर्टएवढा होता आणि पुतण्याच्या लग्नातला फेटा बांधलेले मार्तंडराव चार फुटी.

लोक अभिनंदन करत होते. भार्गवीनं मात्र ताट उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि तिथंच जेवली. मार्तंडरावांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटू लागलं की ते गॅलरीत जायचे, समोरचा मजला बघायचे आणि पुन्हा घट्ट व्हायचे.

गुरुवारी संध्याकाळी वैजनाथराव फ्लेक्स बघून आले. चहा घेतला. नॉर्वेचं कौतुक केलं.

"आमचं मातर बदललं," ते म्हणाले. "निकिताचं डेन्मार्कलाबी झालं, आता ती तिकडंच चालली. ती शाळा लई कडक म्हनं. हजारात एकाला घेत्यात. भार्गवीचं तितं झालं न्हाई व्हय? असू द्या. समद्यांचंच व्हतंय असं न्हाई."

आणि त्यांनी मार्तंडरावांच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं.

ते थोपटणं मार्तंडरावांच्या मस्तकात गेलं. झालं नाही? त्यांच्या मुलीचं झालं नाही?

"भार्गवी," ते म्हणाले, "डेन्मार्कचा कागद आण."

त्यांनी सही केली. खाली तारीख घातली, हुद्दा घातला, आणि जिथं सही लागत नव्हती तिथंही दोन ठोकल्या. कागद वैजनाथरावांच्या नाकासमोर धरून दाखवला.

"बाबा, पण डेन्मार्क खाली आहे ना?" भार्गवीनं विचारलं.

"नकाशा काय, उलटाही टांगता येतो," मार्तंडराव म्हणाले.

वैजनाथराव फाटकाबाहेर पडले. मार्तंडराव पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे वळले, तर आतून भार्गवीचा आवाज आला. ती फोनवर होती.

"निकिता, झाली सही. काकांना थँक यू सांग, शिकवलं तसं शब्दन्‌शब्द बोलले. आता दोघींची एकच रूम बुक कर."

मार्तंडराव पाणी न पिताच परत आले. रागवायचं कुणावर? सही त्यांची, तीही हुद्द्यासकट.

रविवारी वैजनाथरावांनी स्वखर्चानं नवा फ्लेक्स आणला आणि बरोब्बर जुन्याच्या वर बांधला. चार फुटी मार्तंडराव फेट्यासकट झाकले गेले. नव्यावर दोन्ही मुली हसत होत्या, आणि त्यांच्या खाली शुभेच्छुकांची अडतीस नावं. मार्तंडरावांनी चष्मा पुसून वरून वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव वैजनाथरावांचं. नववं यामिनीबाईंचं. तिसावं कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं. स्वतःचं नाव त्यांना अडतिसावं सापडलं. त्याच्या खाली फक्त फ्लेक्सवाल्याचा मोबाईल नंबर होता.

"ही यादी कुणी दिली?" त्यांनी विचारलं.

"मी," यामिनीबाई म्हणाल्या. "तुम्हाला अगदी दक्षिणेला घातलंय. तिकडं थंडी बाधत नाही."