तीन मोडली, एक टांगलं

"धनुष्याला दोरी चढवायला काय अक्कल लागते हो? चाळीस वर्षं डोळ्यांनी बघत आलेय मी!" थोरल्या बाई म्हणाल्या, आणि हातातलं फडकं खुर्चीवर टाकून त्यांनी भिंतीवरचं धनुष्य खाली घेतलं.

समोर खिडकीची कडी बसवत होता शेजारचा सुतार. तो एकदम म्हणाला, "राहू द्या ना बाई, कशाला उगाच!"

उगाच? बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे धनुष्य म्हणजे त्यांच्या यजमानांच्या हातचं शेवटचं काम. मागच्या खोलीत बसून जन्मभर त्यांनी लाकूड तासलं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून या धनुष्याला हात लावायची मुभा एकट्या बाईंना. सूनबाईला तर मुळीच नाही! पंधरा वर्षांपूर्वी, घरात आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्या हातून कप फुटला होता. त्या कपाचे तुकडे बाई अजून तिला रोज वेचायला लावत होत्या, तोंडाने.

पण येत्या रविवारी तिरंदाजीच्या मैदानावर नव्या खोलीत हे धनुष्य यजमानांची आठवण म्हणून लागणार होतं. आधी त्यातून एक बाण सुटणार, आणि तो सोडणार सूनबाई, कारण ती तिथली पट्टीची तिरंदाज. दोरी मात्र मीच चढवणार, असं बाईंनी मैदानावरच्या चिटणिसांना ठणकावून सांगितलं होतं.

म्हणून ही बुधवारची रंगीत तालीम. सूनबाई ऑफिसात. बाईंनी धनुष्य पायात अडकवलं, वाकवलं, दोरी चढवली! सुताराकडे असं बघितलं की जणू गड जिंकला. मग दोरी कानापर्यंत ओढली आणि दिली सोडून. बाण न लावता!

लाकडी धनुष्य रिकामं सोडायचं नसतं. बाणाबरोबर जायचा तो जोर उलटा लाकडातच शिरतो. यजमानांनी हे हजारदा सांगितलं होतं. पण यजमान सांगत तेव्हा बाई बोलत असत.

कडाड्! एक तुकडा बाईंच्या हातात, दुसरा कपाटाखाली.

सुताराचा चेहरा पांढराफटक पडला. माणूस किती हळवा, बाईंना वाटलं.

"कुणाला बोललात तर याद राखा!" त्या म्हणाल्या. "सूनबाईला तर अजिबात नाही. आयुष्यभर मला ऐकवेल ती!"

"मी करून देऊ का दुसरं?"

"तुम्ही खिडक्या करा! धनुष्यं या घरात होतात. आणि तिने विचारलं तर मी ते तेल लावायला काढलंय!"

माळ्यावर यजमानांनी वाळत ठेवलेल्या तीन काठ्या होत्या. गुरुवारी सून बाहेर पडताच बाई मागच्या खोलीत, यजमानांच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसल्या. धनुष्याची बाहेरची बाजू म्हणजे पाठ, तिला हत्यार लावायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण ती पाठ! खडबडीत, डागाळलेली, म्हशीने अंग घासलेल्या खांबासारखी. ज्या बाईने जन्मभर पातेल्यांची बुडंसुद्धा चकाचक ठेवली, तिला हे बघवेना.

"बाई, पाठ घासू नका!" सुतार ओरडला.

"असली कळकट पाठ घेऊन चारचौघांत जाऊ?"

पाठ आरशासारखी झाली. मग वाकवून बघितली. तडाड्!

वरच्या मजल्यावरून शेजारीण ओरडली, "बाई, पडलात का?"

"पडतील माझे वैरी! काम चाललंय!"

शुक्रवारी पाठीला हात नाही. फक्त आतून तासायचं. पण डावी बाजू ताठ, उजवी ढिली. डावी तासली, तर उजवी ताठ. उजवी तासली, तर पुन्हा डावी. डुगडुगत्या टेबलाचे पाय कापत बसावं तसं चाललं. दुपारपर्यंत धनुष्याचं झालं उलथनं! आणि उलथनंही शेवटी मोडलंच.

सुतार जेवायला गेला होता. बाई भुशात पाय पसरून बसून राहिल्या. ताज्या ढलप्यांचा तो वास. यजमानांच्या सदऱ्याला हाच वास यायचा, कितीही धुतला तरी. असं काही मोडलं की ते ओठ मिटून बाहेर येत, स्वयंपाकघरात उभ्यानेच पाणी पीत. आणि बाई पाठमोऱ्याच म्हणत, "मोडलं वाटतं? आता घरात मोडायचं काय उरलंय, तेवढं सांगा!" ते हसत आणि परत आत जात.

बाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, उभ्यानेच पाणी प्यायल्या. कुणी काही बोललं नाही. कुणीतरी आपल्याला टोमणा मारायला हवा होता, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं.

शनिवारी तिसरं. ते मोडलं नाही! दिसायला आजारी सापासारखं होतं, पण वाकलं आणि सरळ झालं. बाईंनी त्याला बुटाचं पॉलिश चोपडलं, मोडक्या धनुष्याच्या मुठीवरची चामड्याची पट्टी सोडवून याच्या मुठीला गुंडाळली आणि ते भिंतीवर टांगलं.

संध्याकाळी सूनबाईने ते खाली घेतलं. उलटंपालटं केलं. हुंगलं.

"आई, हे ते नाही."

"तू काय सांगतेस? कधी हात तरी लावलायस का त्याला?"

"सुतारकाकांनी केलेल्याला इथे गाठ नव्हती."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. दारातला सुतार चपला शोधायला लागला.

"उभे राहा!" बाई कडाडल्या. "सुतारांनी केलेलं म्हणजे?"

मग निघालं सगळं. गेल्या वर्षी बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस दवाखान्यात होत्या. सूनबाईने हौसेने ते धनुष्य ओढलं, आणि मोडलं. सुताराने रातोरात तसंच दुसरं केलं.

"आणि मला कळलं कसं नाही?"

"डोळ्याची पट्टी सुटल्यावर तुम्हाला सगळंच नवं दिसत होतं, आई."

बाईंनी तोंड उघडलं. कप आठवला. तोंड मिटलं.

"खरं कुठाय?"

सूनबाईने कपाटातून साड्यांखालचे दोन तुकडे आणून त्यांच्या मांडीवर ठेवले. "चामडं काढलं तेव्हा दिसलं. बाबांनी आत लिहून ठेवलंय."

मुठीवर पेन्सिलीने बारीक अक्षरं होती. बाईंची शाळा दुसरीतच सुटलेली. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं, "हे अकरावं. आधीची दहा मोडली. हिला कळू द्यायचं नाही."

बाईंनी पदराने आधी डोळे पुसले, मग ती अक्षरं, अगदी हलक्या हाताने.

"दहा?" त्या म्हणाल्या. "खोटारडा मेला! स्वयंपाकघरातून मी चौदा मोजलीत!"