आमच्या बुढ्याची अर्धी पात

आमचा बुढा "आलोच" म्हणून उठला, का समजायचं, आता दिवस बुडाल्यावरच दिसन. एकदा भाजीले मीठ नव्हतं म्हणून दुकानात धाडला. संध्याकाळी बगलेत कोंबडा घेऊन आला. मी म्हणलं, "मीठ?" त्यानं कोंबड्याकडं पायलं, म्हणे, "हे पाय, आलोच." अन् पुन्हा गेला. भाजी आम्ही अळणीच खाल्ली. कोंबडा कोणाचा होता ते तीन दिवसानं समजलं.

नाव त्याचं मी घेत नाही, आमच्या वेळी घेत नव्हते. आता घेतलं तरी थांबून ऐकणार हाय थोडा!

बूड म्हणून टेकत नाही. जेवता जेवता अर्ध्या भाकरीवर उठते. एकदा खाट विणायले घेतली अन् अर्धीच सोडली. दोन वर्सं त्या अर्ध्या खाटेवर मी पाय पोटाशी घेऊन झोपली. विणता मलेही येत होतं, पण मी म्हणलं, ज्यानं सुरू केली तोच पुरी करन. अशी मी शहाणी.

वावरातलं तं इचारूच नका. कापूस वेचताना ज्याले त्याले दोन दोन ओळी वाटून देतात, तिले पात म्हणतात. धरली पात टोकाले न्यायची. अर्धी सोडली तं सारं वावर हसते. आमच्या बुढ्यानं जनमात पात पुरी केली नाही. मधातच गायब. मी मातर पहिल्या नंबरची. कंबर गेली, गुडघे गेले, तरी माही पात सगळ्यायच्या आंधी खतम. मंग बुढ्याची उरलेली वेचो, अन् बायायले ऐकू जाईन असं म्हणो, "पाहा वं, कोण कामाचं हाय या घरात!" लय तोरा होता मले.

एकच कोडं होतं. बुढ्याची पात अर्धी, पण कमरेचं फडकं कापसानं गच्च. मी म्हणलं, हा नक्कीच धुऱ्यापलीकडं जाऊन दुसऱ्याचा कापूस वेचते. लाजंनं मेली मी. दह्याचं गाडगं घेऊन शेजाऱ्याच्या घरी गेली. म्हणलं, "भाऊ, पोटात घाला, बुढ्याचं ध्यान ठिकाणावर नाही." तो म्हणे, "वयनी, माह्या वावरात तं यंदा सारी तूर हाय." दही मातर ठेवून घेतलं त्यानं.

मंग ते बोंडअळीचं साल आलं. बोंड फोडलं का आत अळी. जो तो पाठीवर पंप घेऊन फवारून राह्यला होता, अन् फवारणारे चक्कर येऊन दवाखान्यात जाऊन राह्यले होते. आमच्या बुढ्यानं काय केलं? फवारायच्या इखाची बाटली उघडीच ठेवली, पिण्याच्या पाण्याच्या घागरीजवळ, अन् "आलोच" म्हणून गेला. मी घागरीत गिलास बुडवणार, तेवढ्यात वास आला. त्या दिवशी मी हसली नाही. हा एक दिवस सोताही मरन अन् मलेही मारन, असं वाटलं.

माही पोरगी मंदा यवतमाळले एका खाजगी दवाखान्यात सिस्टर हाय. ते म्हणे, "माय, बाबाले लहानपणापासूनची बिमारी हाय. ध्यान एका जागी ठरत नाही. आमच्या इथं नवे डॉक्टर आले, ते केटामीनची सलाईन देतात." केटामीन म्हणजे भुलीचं औषध. मंदा म्हणे, नसबंदीच्या कॅम्पात मलेही तेच देल्लं असन. तवा मी कौलावर जाऊन बसली होती म्हणे मनानं, अन् डॉक्टरले भासरा, म्हणजे मोठा दीर, समजून डोक्यावर पदर घेऊन राह्यली होती. मी म्हणलं, ज्या औषधानं मी उडाली, त्यानं हा बसन कसा?

डॉक्टर सरळ बोलले. "आजी, खरं सांगतो. मन फार उदास असलं तर याचा उपयोग होतो. पण या आजारावर पक्का पुरावा अजून नाही. नेहमीच्या गोळ्या यांना मानवणार नाहीत, म्हणून एकदा करून पाहू. उपाशीपोटी आणा."

उपाशी! पयल्या खेपेले बुढा यष्टी स्टँडवर "आलोच" म्हणून गेला अन् दोन आलुबोंडे खाऊन आला. तसेच वापस. दुसऱ्या खेपेले मी माह्या पदराची गाठ त्याच्या दुपट्ट्याले बांधली, लग्नात बांधली होती तशी. सारी यष्टी हसे. अन् बांधलं मी त्याले, पण फरफटत गेली मीच.

सलाईन लागली. डोळे उघडे, पण नजर कुठं दूर. मंग हात हलायले लागले. बोटं हवेतच चिमटी करून राह्यली. मी वळखलं. कापूस वेचून राह्यला होता.

मी हळूच इचारलं, "कोणाची पात वो?"

"बुढीची." आवाज लहान लेकरासारखा. "तिकडच्या टोकाकडून घेतली. गुडघे गेले न तिचे... हळू बोल बाप्पा. तिले समजलं तं मरते ते. पयल्या नंबरची हाय."

मंदानं माह्याकडं पायलं. मी सलाईनच्या बाटलीकडं पायलं.

माह्या पातीचं तिकडचं टोक दरसाल रिकामंच लागे. मी म्हणो, तिकडं जमीन बरड हाय. इतकी वर्सं मी बिचाऱ्या जमिनीले शिव्या देल्ल्या.

डॉक्टर म्हणाले, "आजी, अजून चार-पाच वेळा यावं लागेल."

"नाही साहेब. एवढ्यानंच लय फरक पडला."

"त्यांना?"

"मले."

घरी आल्यावर इखाची बाटली पेटीत टाकली, कुलूप लावलं, किल्ली माह्या कमरेले. फवाराले आता नीट सांगून-सवरून दुसरा गडी लावला. हे मले पयलेच सुचाले पायजे होतं, पण मी पयल्या नंबरची ना!

मंग वेचा आला. अळीनं ठेवला तेवढाच कापूस. बुढ्यानं पात धरली, अर्ध्यात सोडली, गायब. मी वरडली नाही. हळूहळू वेचत गेली, तं मधात समोरून कापसाची पऱ्हाटी हलली. बुढा. मले पाहून चोरावानी उभा.

"काहून थांबली वं?"

"दम लागला," मी म्हणलं. जनमात पयल्यांदा म्हणलं असन.

तो पुढं आला. माह्याजवळ खाली बसला. बिडी पेटवली. अर्धी होईस्तोर बसला. मंग चुळबुळ सुरू झाली. उठला, इकडंतिकडं पायलं, म्हणे, "आलोच."

"जाय," मी म्हणलं. "माह्या पातीचं तिकडचं टोक थोडं राह्यलं असन."

त्यानं माह्याकडं पायलं, बिडी इझवली, अन् थेट तिकडंच गेला.