सवतीच्या पाण्यातलं मीठ

"ज्याला जीभ नाही त्यानं मीठ यंत्रानं मोजावं!" असं ठणकावून माईंनी ते यंत्र टेबलाच्या खणात टाकलं आणि खण धाडकन लावला. सगळ्या गोंधळाची सुरुवात झाली ती तिथून!

यंत्र माईंच्या यजमानांचं. त्यांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची पेटी मांडली. आत मासे नाहीत की शोभेचे शंख नाहीत. एक दगड, आणि त्यावर पाय रोवून बसलेलं एक समुद्रफूल. नावालाच फूल, खरा तो प्राणी! बशीएवढा, गुलाबी टोकांच्या मऊ बोटांचा झुबका. यजमान चिमट्यानं त्याला कोळंबीचा तुकडा भरवायचे. बोटं तुकड्याभोवती अलगद मिटायची, आणि यजमानांचा चेहरा असा फुलायचा, की लग्नाच्या फोटोतसुद्धा तो तसा फुललेला नाही.

"जेवली का माझी सवत?" माई स्वयंपाकघरातून विचारायच्या.

"जेवली. नावं न ठेवता जेवली!"

"मग तिच्याच हातचं खा आता!"

"तिला हात फार आहेत गं, पण तुझ्या हाताची चव नाही."

असा त्यांचा संसार. मग यजमान आजारी पडले. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी विचारलं, "तिला सांभाळशील ना? पाण्यातलं मीठ तेवढं…"

"मिठाचं मला सांगता? माझ्या हातचं मीठ कधी चुकलंय?"

ते हसले. हसता हसता ठसका लागला, नर्स धावत आली, आणि ते बोलणं तिथंच राहिलं. कायमचं.

यजमान गेले, यंत्र खणात गेलं आणि माईंनी पदर खोचला. रोज सकाळी पेटीत बोट बुडवायचं, जिभेला लावायचं. "अळणी!" की बादलीतलं समुद्री मीठ मूठभर घ्यायचं, मगभर पाण्यात विरघळवून पेटीत सोडायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अळणी. पुन्हा मूठ! सवतीला मिठाची एवढी हौस असेल हे माईंना ठाऊक नव्हतं.

सवत मात्र आक्रसत चालली. बशीची वाटी झाली, वाटीचं लिंबू झालं. कोळंबी भरवली तर थुंकून टाकायला लागली.

"आई, पेटीवाल्या दुकानदाराला बोलावू का?" सुनेनं विचारलं.

"त्याला काय कळतंय? रुसलीय ती. तिचा माणूस गेलाय."

"अहो, पण…"

"रुसू दे. तिला परवडतं. मला घर चालवायचंय."

आणि एका सकाळी बघतात तो काय, दगड रिकामा!

माईंच्या पायाखालची जमीन सरकली. आदल्याच दिवशी सून म्हणाली होती, पेटीला वास येतोय. झालं! माईंनी दोन अधिक दोन पाच केले.

"तू टाकलीस तिला!"

"मी? मी त्या पाण्यात नखसुद्धा बुडवत नाही!"

"मग काय फिरायला गेली?"

सूनबाई डोळ्यांना पदर लावून आत. माईंनी नणंदेला फोन केला. नणंद म्हणजे तोफ! हातातलं काम टाकून आली ती जिन्यापासूनच रडत. "माझ्या दादाची शेवटची आठवण हो, वहिनी!"

मग जी शोधाशोध झाली ती काय सांगू! कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर पालथी झाली. सोफ्याच्या गाद्या उचलल्या. नणंदेनं चपलांचं कपाटसुद्धा उपसलं.

"वन्सं, चपलांत कशी असेल ती?"

"तुम्हीच म्हणालात ना, तिला पाय असतो म्हणून?"

"एकच असतो!"

"लंगडी घालत गेली असेल!"

दुपारी मुलगा जेवायला घरी आला. उपसलेल्या घराकडे त्यानं एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं विजेरी घेऊन पेटीच्या मागं वाकला. "ही काय इथं!"

सवत दगड सोडून मागच्या काचेच्या पार कोपऱ्यात जाऊन चिकटली होती. त्या पेटीत जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब. सुकलेल्या सुपारीएवढी उरली होती, पण होती!

माईंनी सुनेकडे पाहिलं. माफी मागायची त्यांची एकच रीत होती. "चला, पानं वाढते," त्या म्हणाल्या.

पेटीसमोरच्या टेबलाशी सगळे जेवायला बसले. नणंदेनं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे पांढरे झाले.

"अगं बाई! वहिनी, समुद्र शिजवलात की काय!"

"आत्या, छान झालीय भाजी," सून घाईघाईनं म्हणाली.

"छान? माझी जीभ सोलून निघाली!"

माईंनी भाजी चाखून पाहिली. त्यांना ती बरोबर लागली. उलट किंचित अळणीच. मग त्यांची नजर टेबलावर गेली. मुलाच्या हाताशी पाण्याचा भरलेला जग. सुनेच्या हाताशी दुसरा. आपल्या घरातली माणसं एवढं पाणी कधीपासून प्यायला लागली?

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मुलगा ताटात बघत राहिला. "बाबा गेल्यापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"कसं बोलणार, आई? तू स्वयंपाक तेवढा करत होतीस. बाकी काही करत नव्हतीस."

नणंदेनं दुसरा घास घेतला आणि जग आपल्याकडे ओढला.

माई उष्ट्या हातानंच उठल्या. खण उघडला, यंत्र काढलं, पेटीतलं पाणी त्यात भरलं. काटा सरसर वर गेला आणि टोकाला जाऊन चिकटला. यंत्र बिघडलंय, असं म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या म्हणाल्या, "लोणचं घातलं मी तिचं."

पाणी एकदम बदललं तर धक्क्यानं मरेल, म्हणून रोज थोडं खारं काढून थोडं गोडं घालायचं ठरलं. नखसुद्धा न बुडवणारी सूनच कोपरापर्यंत बाही सारून ते करायला लागली. माई यजमानांच्या स्टुलावर बसून राहायच्या. "मरू नकोस गं," पुटपुटायच्या, "त्यांना काय सांगू मी?"

कितीतरी दिवसांनी सुपारीतून एक गुलाबी बोट बाहेर आलं. मग दुसरं. माईंनी चिमट्यानं तीळभर तुकडा पुढं केला. बोटं मिटली. तुकडा आत गेला.

"वन्सं, जेवली!" माई फोनवर ओरडल्या, आणि मग दोन्ही टोकांना नुसतं रडणं.

उभ्या घरात खरं सांगणारी एकच निघाली, ती सवत. बाकीचे मुकाट गिळत होते. तिनं सरळ तोंड मिटलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाक सुनेनं केला. मीठ चमच्यानं मोजून. माईंना आधी वाढलं आणि डाव हातात धरून समोर उभी राहिली.

"आई, कशी झालीय?"

माईंनी घास घेतला. मिठाची चव नाही, तिखटाची नाही, कशाचीच नाही. ती चव, यजमान काहीतरी सांगायचे राहिले होते ना, तिथंच कुठंतरी राहिली असावी. सून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"छान झालीय," माई म्हणाल्या आणि ताट चाटून पुसून साफ केलं.

बसताना मात्र त्यांनी खुर्ची फिरवून पेटीकडे पाठ केली होती. खोटं बोलताना सवतीनं बघायला नको!