आधी नळ, मग चहा

आमच्या आळीतले बाबाराव कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी नळापाशी उकिडवे बसतात. खिशातल्या किल्लीने पाईप खरवडतात, मग त्याला लोहचुंबक लावून बघतात. घरधनी 'या, बसा' म्हणत ताटकळतो. "पहिले नळ पाहू, मंग चहा घेऊ," हे त्यांचं ठरलेलं.

बाबारावांचा धंदा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा. आमचं गाव जळगाव जामोदकडचं. लग्न असो की सभा, भोंगा त्यांचाच. पण भाषण म्हणून त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. एकदा शाळेत एक डॉक्टरीणबाई बोलायला आल्या. माईक कुरकुरत होता, म्हणून तो धरून यांना शेजारीच बसावं लागलं. बाई सांगत होत्या, काही जुन्या घरांत शिशाचे पाईप असतात. शिसं पाण्यात उतरतं, दिसत नाही, चवही लागत नाही, आणि पोटातल्या बाळाला फार वाईट. खरवडल्यावर चांदीसारखा चमकतो अन् चुंबक धरत नाही, तो पाईप शिशाचा. घरी जाऊन बाबारावांनी एक फाटका भोंगा फोडला आणि आतलं चुंबक खिशात टाकलं.

तेव्हापासून आळीत एका पाईपचा रंग धड राहिला नाही. आम्ही दिवाळीला हौसेने चंदेरी रंग द्यावा आणि पाडव्याला यांनी तो खरवडावा. माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर हे तिथेही थेट मोरीत! सोयरीक जुळली, पण व्याही अजून विचारतात, "तो नळ पाह्यनारा मामा कोन होता हो?"

असा हा माणूस, आणि एक दिवस कळलं की त्याने स्वतःच्या एकुलत्या लेकीला पहिल्या बाळंतपणाला 'येऊ नको' म्हणून कळवलं. आळीला विषयच मिळाला. बायको वारलेली, बाप कामाला भ्याला, असं जो तो म्हणू लागला. मलाही राग आला. मी आणि बायको तडक त्यांच्या घरी गेलो.

"काऊन हो बाबाराव, पोरीले माहेर नाही का?" मी विचारलं.

ते खाली बघत म्हणाले, "माह्याच घरचा मातीखालचा पाईप शिशाचा निघाला ना, भाऊ. अन् तो येते तुमच्या ओट्याखालून. आताच फरशी बसवली तुम्ही. कोन्या तोंडानं म्हनू, ओटा फोडा म्हनून?"

मला त्या फरशीचा भारी अभिमान. मी घसा खाकरला. तोवर बायको घरी जाऊन सब्बल घेऊनही आली.

"फरशी काय, पुन्हा बसवता येते," ती म्हणाली. "पोरीचं पहिलं बाळंतपन पुन्हा येते का?"

ओटा फुटला. नवा पाईप पडला. मातीच्या ढिगाऱ्यापाशी उभं राहून बाबारावांनी लेकीला फोन लावला. "ये वं माय," एवढंच बोलले. डोळे भरून आले होते. माझ्याच्यानेही तिकडे बघवेना.

बायकोने त्यांच्या हातातून फोन घेतला. "ये वं पोरी. डिंकाचे लाडू मी करतो. तुह्या बापाले रडू दे जराकसं, लई दिवसाचं साचून राह्यलं होतं."